सोबत कोण आहे?

घरात तिला चिमणी म्हणत. जन्मली तेव्हा अगदी मूठभर होती, म्हणून आईने ठेवलेलं हे नाव पुढे चिकटूनच राहिलं. बाराव्या वर्षी अंग भरायला लागलं ते थांबेचना, तेव्हा शेजारपाजारच्या बायका ते नाव ऐकून गालातल्या गालात हसायला लागल्या. चिमणीला ते कळत होतं. त्याच वर्षी तिने शाळेचं दप्तर पाठीवरून काढून छातीशी धरायला सुरुवात केली आणि खांदे पुढे पाडून चालायची सवय लावून घेतली. चाळिशी उलटली तरी ती सवय गेली नव्हती.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर फ्रेम बसवायची, काडी कानामागे टोचत असेल तर गरम करून वाकवायची, नाकावरची पॅडं सारखी करायची, ढिले स्क्रू आवळून द्यायचे. हे काम लांबून होत नाही, समोरच्याच्या तोंडाजवळ तोंड न्यावंच लागतं. चिमणीने त्यावर तोड काढली होती. फ्रेमचा ट्रे एका हाताने छातीपुढे आडवा धरायची आणि दुसरा हात लांब करून काम करायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाई फार अदबशीर आहे. संध्याकाळपर्यंत तिची मान लाकडासारखी ताठलेली असायची आणि दोन्ही खांद्यांत ठणका लागलेला असायचा. रात्री कपडे बदलताना ती आरशाकडे पाठ करायची. खांद्यांवर पट्ट्यांनी खाचा पाडल्या होत्या, बोट आडवं ठेवलं तर बुडेल एवढ्या. उकाड्यात छातीखालची कातडी सोलवटून निघायची. तिथे ती पावडर लावून मऊ फडक्याच्या घड्या ठेवायची आणि दिवसभर हसतमुखाने चष्मे विकायची.

तिच्या मते गिऱ्हाइकांत दोन जाती होत्या. एक बघणारे, आणि दुसरे न बघण्याची कसरत करणारे. पहिल्यांची तिला सवय झाली होती. दुसरे छताकडे, भिंतीकडे, स्वतःच्या बुटांकडे बघत बोलायचे. त्यांच्याशी बोलताना ती जास्त थकायची.

लग्न झालं होतं, चार वर्षांत मोडलंही. नवरा वाईट नव्हता. पण एकदा तिने ऑपरेशन करून लहान करून घेता येतात असा विषय काढला, तेव्हा तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला होता, "वेडी का काय? मला आवडतात." जणू त्याच्या घरातलं सामान ती परस्पर विकायला काढत होती. तिने कानाला खडा लावला आणि विषय पुन्हा काढला नाही. संसार मोडल्यावरही इतकी वर्षं काढला नाही, याचं तिला स्वतःलाच कधीकधी नवल वाटायचं.

मग एक दिवस दुकानात एक स्क्रू फरशीवर पडला. चष्म्याचा स्क्रू तो, मोहरीपेक्षा लहान. चिमणी उकिडवी बसून तो शोधायला वाकली आणि पाठीत उसण भरली ती अशी, की तिला ना वर येता येईना ना खाली बसता येईना. मालकांनी आणि एका गिऱ्हाइकाने काखेत हात घालून तिला खुर्चीवर बसवलं. ते गिऱ्हाईक ढेरपोटं होतं, हसऱ्या तोंडाचं. हात झटकत म्हणालं, "सगळं वजन पुढेच आहे बाईंचं, तोल जाणारच."

मालक हसले. पूर्ण हसले नाहीत, निम्म्यावर आवरलं आणि गल्ल्याकडे वळले. वीस वर्षं तिला 'बाई' म्हणून मानाने हाक मारणारा माणूस. त्या ढेरपोट्याचं तिला काही वाटलं नाही. ते निम्मं हसू मात्र आतपर्यंत गेलं.

पाठीसाठी ती ज्या फिजिओथेरपिस्टकडे जायची ती तिशीतली मुलगी होती. तिने नेहमीसारखी मान दाबून पाहिली, खांदे दाबून पाहिले आणि थांबली.

"मी तुम्हाला जन्मभर व्यायाम देऊ शकते," ती म्हणाली, "पण दुखणं पाठीचं नाहीच. पाठ बिचारी हमाली करतेय. तुम्ही सर्जनना भेटा."

सर्जन बाईच होत्या, केस पांढरे, बोलणं तुटक. त्यांनी तपासून झाल्यावर विचारलं, "का करून घ्यायचंय?"

चिमणीने उत्तर पाठ करून आणलं होतं. मान, पाठ, डोकेदुखी, खाचा, कातडी. तिने ते शाळेत कविता म्हणावी तसं घडाघडा म्हणून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं.

"आणखी काही?"

आणखी काही नाही, असं चिमणी म्हणणार होती. पण या बाई बघणाऱ्यांतल्या नव्हत्या आणि न बघणाऱ्यांतल्याही नव्हत्या, त्यामुळे तिची जीभ सुटली. "लोक माझ्याशी बोलायला लागतात ना, तोपर्यंत त्यांचं यांच्याशी बोलून झालेलं असतं. मी कायम मागाहून येते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी कागदावर लिहिणार नाही. पण बरं झालं सांगितलंत." मग त्यांनी काय काय होईल ते सांगितलं. व्रण राहतील. काही जागी स्पर्श कळणार नाही, कदाचित कायमचाच. बरं व्हायला वेळ लागेल. "आणि एक. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना वाटतं, हे उतरलं की सगळंच उतरेल. मी फक्त एवढंच उतरवू शकते."

फोटो काढायला तिला आतल्या खोलीत नेलं. "चेहरा येणार नाही हं, काळजी करू नका," फोटो काढणारी म्हणाली. समोरून, डावीकडून, उजवीकडून. चिमणी भिंतीला टेकून उभी राहिली. चेहरा न येणाऱ्या फोटोत हसायचं की नाही हे न कळून तिने ओठ मिटून घेतले.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी सोडताना सोबत कोणीतरी लागेल. एकटीला आम्ही सोडत नाही."

"बहीण येईल," चिमणी म्हणाली.

मालकांना तिने पित्ताशय काढायचं आहे म्हणून सांगितलं. पित्ताशयाबद्दल कोणी खोदून विचारत नाही. बहिणीला मात्र खरं सांगायचं होतं. ताई दुसऱ्या गावी राहायची. दोघी बहिणी एका आईच्या पोटच्या, पण ताई काडीसारखी, वडिलांवर गेलेली. चिमणी आईवर. चिमणीने रविवारी दुपारी फोन लावला आणि दम न घेता सांगून टाकलं.

पलीकडे मिक्सरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"कोणासाठी करतेस?" ताईने विचारलं.

"म्हणजे?"

"कोणी भेटलाय का? लग्नबिग्न?"

"नाही गं. माझ्यासाठी."

"या वयात? इतकी वर्षं काढलीस ना? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पाठ गेलीये माझी, ताई."

"पाठ सगळ्यांचीच जाते." ताईचा आवाज बदलला. "आईचं कापावं लागलं होतं, चिमे. एक अख्खं. किती रडली होती ती. आणि तू धडधाकट असताना हौसेने कापून घ्यायला निघालीस. तिला काय वाटलं असतं?"

आईला काय वाटलं असतं हे तिला ठाऊक होतं. आईच्या आजारपणात ताईची मुलं लहान होती. ती दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळेला तिने आईला रडताना पाहिलं होतं. बाकीचे महिने चिमणीने काढले होते. जखम भरून आल्यावर आई एकदा आरशापुढे उभी राहिली होती, एका अंगाला कललेली. राहिलेल्या एकाच्या वजनाने तिचा तोल जायचा. बघता बघता ती म्हणाली होती, "घ्या. एक असून अडचण, दुसरं नसून खोळंबा." आणि मग दोघी मायलेकी पलंगावर बसून पोट धरून हसल्या होत्या. हसता हसता आईने डोळे पुसले होते आणि म्हणाली होती, "दोन्ही गेली असती तर निदान सरळ चालले असते. तू वेळेत काहीतरी कर गं."

हे ताईला सांगता आलं असतं. पण ताईजवळ आईचं जे चित्र होतं त्यात आई अशी हसत नव्हती. चिमणीला ते फोनवरून पुसायचं जिवावर आलं.

"येशील ना मला न्यायला?" तिने एवढंच विचारलं.

"मला नाही जमणार," ताई म्हणाली. "मला ते बघवणार नाही."

तरीही दवाखान्यातल्या कागदावर 'सोबत' या शब्दापुढे चिमणीने ताईचंच नाव घातलं. घालायला दुसरं नाव नव्हतं. दुकानातल्या माणसांना पित्ताशय सांगितलेलं, शेजाऱ्यांशी जिन्यातल्या दिव्यापुरती ओळख, जुन्या मैत्रिणी एकेक करून लांब गेलेल्या. कोणी पोहायला बोलवायचं, कोणी नाचायला, कोणी समुद्रावर. ती दर वेळी काहीतरी निमित्त काढायची. शेवटी त्यांनी बोलावणं सोडलं. त्यांचा दोष नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी जांभळ्या पेनाने तिच्या अंगावर रेघा मारल्या, शिंप्याने कापडावर खडूने माराव्यात तशा सावकाश, मागे सरून बघत. मग सुई, मग दिवा, मग काहीच नाही. शुद्ध आली तेव्हा घशाला कोरड होती आणि छातीवर घट्ट बांधलेलं होतं. अर्धवट गुंगीत तिला पहिल्यांदा वाटलं ते हे, की आईला हाक मारून सांगावं, झालं गं. हाक ओठांपर्यंत आली आणि मग तिला आठवलं.

"काय काढलं तुमचं?" शेजारच्या खाटेवरून आवाज आला. तिथे एक निवृत्त हेडबाई होत्या, गुडघा बदलून घेतलेल्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातलेल्या.

"पित्ताशय," चिमणी सवयीने म्हणाली.

"पित्ताशय छातीत केव्हापासून गेलं? मी शास्त्र शिकवायचे."

चिमणीला हसू आलं, आणि हसल्यावर इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. तिने खरं सांगितलं. हेडबाईंनी ऐकून घेतलं. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "वजन उतरवलं की सांधे दुवा देतात. मी माझ्या गुडघ्याचं वेळेवर ऐकलं नाही, आता लोखंड घेऊन फिरते." एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. चष्मा एका बाजूला उतरत होता. चिमणीचे हात वर होत नव्हते, नाहीतर तिने तो तिथल्या तिथे सरळ करून दिला असता.

दुसऱ्या दिवशी दोघींनाही घरी सोडायचं होतं. दहाच्या सुमाराला नर्स आली. "सोबत कोण आहे?"

"बहीण येतेय."

जेवणाच्या वेळेला ती पुन्हा आली. "आल्या का?"

"निघालीये. गाडी उशिरा आहे."

चिमणी कपडे करून, पिशवी पायाशी ठेवून खाटेच्या कडेवर बसली होती. पुढे बटणं असलेला कपडा घालायला सांगितलं होतं. वरची दोन बटणं तिने स्वतःच कशीबशी लावली होती. दाराशी कोणीही आलं की तिची मान वळायची. ताई येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी मान वळायची.

हेडबाईंचे जावई आले; उंच, घाईत, हातात गाडीची किल्ली. त्यांच्यामागोमाग नर्स आली, या वेळी जरा त्रासलेली. "बाई, खाट द्यायचीय दुसऱ्या पेशंटला. बहिणीचा फोन द्या, मीच बोलते."

चिमणी हातातला फोन उलटसुलट करत राहिली.

"मी आहे की तिच्या सोबत," हेडबाई म्हणाल्या. "मावशी आहे मी तिची."

"आजी, तुम्ही तर स्वतःच पेशंट आहात."

"मग? पेशंटला भाच्या नसतात का? आमचे जावई सही करतील. करा हो सही."

जावयांनी एकदा सासूकडे पाहिलं, एकदा या नव्या मेव्हणीकडे पाहिलं आणि सही केली. लिफ्टमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "ही कुठली भाची?" हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही गाडी काढा." रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दोघी बायका एकदमच "आई गं" म्हणायच्या. चिमणीच्या इमारतीशी जावयांनी पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. हेडबाई खिडकीची काच खाली करून म्हणाल्या, "नीट राहा. जड उचलू नकोस." गाडी वळून गेली, तेव्हा चिमणीच्या लक्षात आलं, की नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतरचे दिवस ती एकटीच घरात होती. ताटल्या, डबे, औषधं सगळं तिने आधीच खालच्या फळीवर काढून ठेवलं होतं, सूप करून गोठवलं होतं. केसांचा विचार तेवढा केला नव्हता. हात खांद्याच्या वर जात नव्हते आणि डोकं तेलकट होऊन खाजायला लागलं. रात्री उताणं झोपायचं, उशांचा बांध घालून. पाठ हलकी झाली होती, पण दुखणं आता पुढे आलं होतं, त्यामुळे ते सुख तिला कळलंच नाही.

कळलं ते वेगळंच. एका दुपारी ती खिडकीशी बसली होती. समोरच्या गच्चीत कोणाच्या तरी घरी पाहुणे जमले होते, खुर्च्या ओढल्याचे, हसण्याचे आवाज येत होते. जुन्या सवयीने तिच्या मनात आलं, आपण कसं जाणार, आपलं हे असं. आणि मग ती थबकली. 'हे असं' आता नव्हतं. तीस वर्षं सगळ्या 'नको'ची खुंटी तीच होती. न गेलेली लग्नं, न शिकलेलं पोहणं, मोडलेला संसार, सगळं तिने त्या एका खुंटीवर टांगलं होतं. आज खुंटी काढली होती, तरी टांगलेलं सगळं होतं तिथेच होतं. गच्चीतल्या लोकांना ती ओळखत नव्हती आणि त्यांनी तिला बोलावलं नव्हतं, इतकं साधं होतं ते.

ताई आली ती न कळवता, तिसऱ्या आठवड्यात. दार उघडताच तिने आधी चिमणीच्या डोक्याकडे पाहिलं. "केसांची काय दशा केलीयेस," ती म्हणाली, चपला काढल्या आणि थेट न्हाणीघरात जाऊन गरम पाणी सोडलं.

चिमणी स्टुलावर पाठमोरी बसली, मान मागे टाकून. ताईने केस धुवायला घेतले. लहानपणी चोळायची तसंच खसाखसा चोळायची ती अजून. छातीकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"किती काढलं?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"किलोभर. थोडं जास्तच."

"दोन्ही मिळून?"

"हो."

"एवढं घेऊन हिंडत होतीस," ताई म्हणाली. तिने आणखी साबण लावला.

चिमणीने डोळे मिटले आणि आईचं ते आरशापुढचं बोलणं सांगून टाकलं. असून अडचण, नसून खोळंबा, पलंगावरचं हसणं, सगळं. ताईचे हात थांबले. साबणाचं पाणी चिमणीच्या कानात गेलं.

"आई असं म्हणणं शक्य नाही," ताई म्हणाली.

"म्हणाली होती."

"माझ्यापाशी तर ती नुसती रडायची."

"तुझ्यापाशी रडायची, म्हणून मग माझ्यापाशी हसता यायचं तिला."

ताईने मगाने पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, साबण गेला तरी ओतत राहिली. केस पुसून, विंचरून, घट्ट बांधून दिले. भाजी चिरून ठेवली. मुक्काम करायचा म्हणून आली होती, पण संध्याकाळच्या गाडीनेच निघाली. दाराशी चपला घालताना म्हणाली, "मला हे आधी सांगायचंस तू," आणि जिना उतरली. ऑपरेशनचं म्हणत होती की आईचं, ते तिने सांगितलं नाही.

चिमणी दुकानात परतली तेव्हा मालकांनी तिला वरखाली न्याहाळलं. "बाई, पित्ताशय काढल्यावर माणूस उंच होतो का?"

"होतो," ती म्हणाली.

"मग मीही काढून घेतो," मालक म्हणाले आणि गल्ला उघडून बसले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं की कळून त्यांनी पडदा टाकला होता, याचा तिने छडा लावला नाही.

मान मोकळी झाली. डोकं दुखायचं थांबलं. खांद्यांवरच्या खाचा राहिल्या, डावीकडे एका जागी स्पर्श कळेनासा झाला तो झालाच. गिऱ्हाइकं आली की चष्म्याबद्दल बोलायची आणि जायची. रस्त्याने जाताना कोणी वळून बघेना. हेच हवं होतं, आणि हे मिळाल्याचं तिला मनापासून बरं वाटत होतं. फक्त कधीकधी दुकान ते घर एवढ्या वाटेत एकाही माणसाची नजर तिच्यावर ठरायची नाही. मग ती घरी येऊन रेडिओ जरा मोठा लावायची. ताईचा फोन यायचा, हवापाण्याचं बोलणं व्हायचं. आईचा विषय दोघीही काढत नव्हत्या.

एका सुट्टीच्या दिवशी ती कपड्यांच्या दुकानात शिरली. मापाचा, बटणांचा शर्ट तिला जन्मात मिळाला नव्हता; खांद्यात बसायचा तो पुढे उघडा पडायचा आणि पुढे बसायचा तो तंबूसारखा लोंबायचा. तिने एक निळ्या रेघांचा उचलला आणि पडद्याआड जाऊन घातला. खालपासून बटणं लावत वर आली. सगळी लागली. मधलं बटणही लागलं, कापड ताणलं नाही. ती आरशापुढे उभी राहिली. आत एक खुंटी, एक स्टूल आणि ती.

"बसला का?" बाहेरून विकणाऱ्या मुलीने विचारलं.

"बसला."

"मग बाहेर या की. बघू दे."

चिमणी क्षणभर तशीच थांबली, मग पडदा सारून बाहेर आली. मुलीने तिला खांद्यांपासून खालपर्यंत सराईतपणे पाहिलं, मागे जाऊन पाहिलं, कॉलर उलटी झाली होती ती सरळ केली. "छान दिसतोय. बाही एक घडी वर घ्या," ती म्हणाली आणि दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे वळली.

चिमणीने बाहीची एक घडी वर घेतली. शर्ट तिने अंगावरच ठेवला, जुना कपडा पिशवीत घातला आणि बाहेर पडली. ऊन होतं. घरी जाण्याची काही घाई नव्हती, म्हणून ती लांबच्या रस्त्याने निघाली.